दाखवायची खोली

"तुझ्या आईचं ताट उचल इथून," मॅनेजर साहेब म्हनाले.

माय जेवनाच्या टेबलापाशी बसली होती. ताटात वरन-भात वाढलेला. पयला घास तिच्या हातात होता, तो तसाच राह्यला.

वर्ध्याजवळच्या या वृद्धाश्रमात मी अकरा वर्सं आयाचं काम करून राह्यली. म्हाताऱ्यायचं हागनं-मुतनं, आंघोळ, सारं माह्या हातानं. फक्त सैपाकघरात जाची मले मनाई. काऊन, ते कोनी सांगितलं नाई. मीबी कधी इचारलं नाई. ठाऊकच होतं.

घरी, आंजी गावात, मी अन् माय, तिसरं कोनी नाई. खुबा मोडला तवापासून माय काठीवर. मी कामाले निंगाली का बाहेरून कडी. दिवसभर ती एकटी, पानी सांडलं तं वल्यातच पडून राहे. मनात आलं, लोकायच्या आयायले मी धुतो, माही माय काऊन कडीत? मायले इथं ठेवू का, साहेबाले इचारलं. ते म्हनले, "फॉर्म भर, पगारातून कापू." मले लय बरं वाटलं.

आमच्या इथं समोर एक दाखवायची खोली हाये. खिडकी, हवा, खाटीवर कोरी चादर. कोनी आई-बापाले ठेवाले आलं का साहेब मले हाक मारत, अन् मी धावत जाऊन चादर टाको. लोक ती खोली पाहून पैसे भरत. आठ दिवसात म्हातारा मागच्या टिनाच्या खोलीत. दर तोच. तिथं संडास लांब, उन्हाळ्यात खाटीच्या लोखंडाले हात लावता येत नाई इतकं तपते. हे मी अकरा वर्सं पाह्यलं अन् चादर टाकत राह्यली. मायच्या वेळेले मातर म्हनलं, "समोरची खोली द्या." माही चूक मी लपवत नाई.

फॉर्मात समाजाचा रकाना होता. तोबी खरा भरला. साहेबानं तवा वाचलाच नाई.

वाचला तो मॅडमनं. मॅडम म्हंजे आश्रमातच राह्यनाऱ्या रिटायर हेडमास्तरीन, इथं त्यायचा शब्द चालते. हात कापतात म्हनून तीन वर्सांपासून मीच त्यायले चमच्यानं भरवतो. ऑफिसात जाऊन त्यायनं फॉर्म पाह्यला, अन् मायच्या पयल्या जेवनालेच म्हनल्या, "साहेब, हिची आई आमच्या पंगतीत कशी?"

हे बोलल्या तवा त्यायच्या तोंडात माह्याच हातचा भात होता.

साहेब माह्याकडं वळले. "वाईट वाटून घेऊ नकोस. मागची खोली आहे ना. ताट तिकडेच नेत जा. दर तोच ठेवतो."

मायनं घास ताटात ठेवला. काठी धुंडाली. "राहू दे वं पोरी, मी मागं बसतो. तुले इथं काम कराचं हाये." अन् मोडक्या खुब्यानं उठू लागली. मालकिनीच्या वसरीवरून जन्मभर अशीच उठत आली. ते पाहून माह्या अंगाची आग आग झाली.

मी चमचा मॅडमच्या ताटात ठेवून देल्ला.

"बस माय. पोटभर जेव. मंग आपन जाऊ."

माय जेवली. मी तिच्यापाशी उभी. मॅडम माह्याकडं पाहत राह्यल्या, भात निवत गेला. मी चमचा उचलला नाई. मंग आटो करून मायले आंजीले आनलं.

त्याच्यानंतर दुसऱ्या जागा पाह्यल्या. जे परवडे तिथं गाद्यायले मुताचा वास. जे चांगलं होतं तिथं अगुदर आडनाव इचारत. माय आता परत कडीत हाये. पाठीले जखमा झाल्या. ती तिथंच मरन, मी कामावर असतानी मरन, हे मले समजते. औषधाले पगार लागते, म्हनून मी त्याच आश्रमात जातो. माह्यापाशी याचा इलाज नाई.

आज एक बाई बापासाठी खोली पाहाले आली. साहेबानं हाक मारली, "चादर टाक." मी चादर घडीचीच ठेवली.

"ताई, तुमचे बाबा इथं राह्यनार नाई. चला, मागची खोली दाखवतो."

बाई माह्या मागं आली. तिनं टिनाले हात लावून पाह्यला अन् पैसे न भरता निंगून गेली.

उद्या मले कामावरून काढतीन. काढू द्या. मी गेटाबाहेर उभी राहीन अन् येईन त्याले मागच्या खोलीचं सांगन. ती चादर माह्या हातानं आता पडनार नाई.