हिंगमिरे सरांचा तास

दुपारी नर्सने इंजेक्शन दिलं आणि हेमलताबाईंच्या पापण्या जड होऊ लागल्या आहेत. उशाशी संमतीपत्र पडलंय, सहीविना. स्वरयंत्र काढावंच लागेल, नाहीतर गाठ पसरेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. सत्तावीस वर्षं शाळेत गाणं शिकवलेल्या बाई मात्र आठ दिवस अडून बसल्यात. घसा बसलाय, बरा होईल, हा एकच हेका. लेक केतकी समजावून समजावून थकली.

पंखा फिरतोय. समोरच्या खाटांची बाकं होतात आणि बाकांपुढे हिंगमिरे सर पेटीचा भाता सोडवताहेत. सातवीतल्या लाजऱ्या हेमाला ज्यांनी गायला उभं केलं, ते सर. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी ती उठून उभी राहते. सर वर्गात आले की उभं राहायचं असतं.

"बस, हेमा. पट्टी कुठली?"

"काळी चार. सर, माझा आवाज काढून टाकायचा म्हणताहेत. तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? मेलेल्या माणसाचं डॉक्टर ऐकतात होय?" सर पूर्वीसारखेच तिरकस.

वर्गाचा जिना उतरला की एसटी स्टँड लागतं. एकही गाडी नाही, माणूस नाही. सर बाकावर बसलेत, मांडीवर पेटी.

"मग एकदा गाऊन तरी दाखवा."

"पंचविशीत घसा गेला माझा. तुमच्यापुढे कधी गायलोय मी? पेटीवर वाजवायचो आणि म्हणायचो, म्हणा."

हेमा आठवून आठवून पाहते. खरंच, एकदाही नाही.

"आम्हाला कळलंच नाही, सर."

"कळू द्यायचं नव्हतं."

"त्रास व्हायचा?"

"रोज. तुम्ही चांगलं गायलात की जास्तच."

"पुढे कमी झाला असेल ना?"

"नाही झाला."

हेमाला त्यांचा भयंकर राग येतो. स्वप्नात तरी माणसाने धीराचं खोटं बोलावं!

"आता तू गा," सर म्हणतात आणि सूर धरतात. ती शाळेची प्रार्थना गाते. मोकळ्या, खणखणीत गळ्याने, थेट वरच्या 'सा'पर्यंत. सर डोळे पुसत ऐकत राहतात.

बाईंना जाग येते तेव्हा केतकी शेजारी रडतेय.

"आई, झोपेत गात होतीस गं तू. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय."

बाई फोन कानाशी धरतात. पंख्याची घरघर. पलीकडच्या खाटेवरचा खोकला. आणि मिनिटभर नुसती हवा, घसा खरवडत बाहेर येणारी. सूर एकही नाही.

त्या पुन्हा पहिल्यापासून ऐकतात.

"हे पुसू नकोस," असं घोगऱ्या कुजबुजीत सांगतात आणि सहीसाठी पेन मागतात.