शिट्टीसाठी बसवलेला दात

फिर्यादीचा पुढचा दात मोडला म्हणून पोलीस तपास अडतो, असं तुम्ही कधी ऐकलंय का? माझ्या नोकरीत ते घडलं. त्या मेंढपाळाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा मी सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोटच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना साठीचा एक मेंढपाळ दारात आला. ओठ सुजलेला, सदऱ्यावर रक्त. पहाटे चोरांनी त्याचा कळप टेम्पोत भरून नेला होता. मागे धावताना तो दगडावर पडला आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला.

"दाताचं जाऊ द्या, सायेब," तो म्हणाला. "माजी लेकरं आना तेवडी."

लेकरं म्हणजे मेंढ्या. त्याच्या घराची चूल त्यांच्यावरच पेटत होती.

गुन्हा नोंदवला. नाकाबंदीत काहीच मिळालं नाही. मग दुधनी रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने फोन केला. "सायेब, मागच्या वाड्यात मेंढ्या लई वरडत्यात. मालकाला कुठलं कोकरू कुठल्या आईचं, तेबी कळंना. ह्यो कसला धनगर?"

पोलिसाला अशी माणसं लागतात. शेजारी काय चाललंय ते बघणारी आणि बघितलेलं सांगणारी.

वाड्याचा मालक गुरांचा दलाल निघाला. आम्ही पोचण्याआधीच त्याने मेंढ्यांची लोकर कातरली होती, त्यामुळे मेंढपाळाने त्यांच्या पाठीवर केलेली रंगाची खूण गेली होती. चौकशीत तो हसतमुख. "बाजारात घेतल्या, साहेब. मेंढ्या सगळ्या सारख्याच दिसतात की."

मेंढपाळ म्हणाला, "माज्या शिट्टीवर येतील. दुसऱ्याच्या न्हाय."

मी पंच बोलावले. मेंढपाळाने जीभ दातामागे दुमडली आणि जोर लावला. फुस्स! तुटक्या दातातून नुसती हवा. मेंढ्या चरत राहिल्या.

दलाल खो खो हसला. "शिट्टी कसली ही? कुकर बिघडलाय म्हाताऱ्याचा!"

मेंढपाळाने मान खाली घातली. मला मात्र संताप आला. चोर दात दाखवून हसतो आणि ज्याचं सगळं गेलं त्याचा दात तुटलेला! मी पंचनामा तिथेच थांबवला आणि मेंढपाळाला जीपमध्ये बसवलं.

दाताच्या दवाखान्याच्या वाटेवर आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, या वयात कशाला दुरुस्ती? उपटून टाकू, मोकळं होईल." मेंढपाळानेही मान डोलावली. मागचे किडलेले दात त्याने असेच उपटून घेतले होते. ते भरता येतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सोलापुरातल्या दंतवैद्य बाईंनी त्याला खुर्चीवर बसवून तोंड उघडायला सांगितलं.

"वय बघताय व्हय, बाई?" तो म्हणाला. "आमी मेंढीचं असंच बघतो."

"वय नाही मामा, मूळ बघते. मूळ पक्कं आहे. उपटायचा नाही."

मग त्यांनी आम्हाला सरळ शब्दांत समजावलं. नस उघडी पडली नसेल, तर दाताच्याच रंगाचा मसाला चिकटवून तुटका भाग पुन्हा घडवता येतो. कीड आतल्या नसेपर्यंत पोचली असेल, तर आधी मुळातली घाण साफ करायची आणि मग वर टोपी बसवायची, म्हणजे कमजोर दात फुटत नाही. दात गेलाच असेल, तर शेजारच्या दातांच्या आधाराने पूल, हाडात बसवलेल्या खिळ्यावरचा दात किंवा काढता-घालता येणारी कवळी. "पण आपला दात तो आपला. आधी तो वाचवायचा."

मेंढपाळाच्या दाताची नस शाबूत होती, म्हणून बाईंनी मसाल्याने तुटका भाग घडवला. शेजारच्या दातातली कीड काढून तोही भरला. मसाला पक्का झाल्यावर बाई म्हणाल्या, "वाजवा." पहिली शिट्टी बोबडी निघाली. त्यांनी दाताची कड जराशी घासली. दुसरी अशी सणसणीत निघाली की बाहेर बसलेले रुग्ण उभे राहिले!

दुसऱ्या दिवशी पुन्हा पंच, पुन्हा वाडा. आधी दलालाला मेंढ्या बोलवायला सांगितलं. त्याने हाका मारल्या, टाळ्या पिटल्या, पाला दाखवला. दोन-चार मेंढ्यांनी नुसतं बघितलं. मग मेंढपाळाने लांबून एक शिट्टी दिली. सगळ्या माना एकदम वर! कुंपणाचं फाटक उघडताच अख्खा कळप धावत जाऊन त्याच्या पायाशी भिडला. तो रडत होता आणि शिव्याही घालत होता, "कुटं मेल्या होतात गं भवान्यांनो?"

दलालाने हात जोडले. "मेंढ्याबी फितूर झाल्या, साहेब," एवढंच बोलला. नंतर त्याने टेम्पो दाखवला, साथीदार दाखवले, कातरलेली रंगीत लोकरही काढून दिली. न्यायालयाच्या हुकुमाने कळप मेंढपाळाच्या ताब्यात गेला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. साहेबाच्या खुर्चीत बसलेल्याचा दात वाचवायचा आणि रानात राबणाऱ्याचा उपटायचा, हा भेद कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो आपण खपवून घेतो, म्हणून चालतो. खाणं, बोलणं, हसणं, पोट भरणं, सगळं दातांवर चालतं. गरिबाचं तर जास्तच.

म्हणून एक विनंती. आज जेवण झाल्यावर घरातल्या थोरामोठ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींना, शेतावरच्या गड्याला तोंड उघडायला सांगा. काळा डाग, खड्डा, तुटकी कड दिसली, तर याच आठवड्यात त्यांना सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात स्वतः घेऊन जा. कुणी उपटायला निघालं, तर तिथेच ठामपणे विचारा, "हा वाचवता येईल का?"