बंद टेप

आज सकाळीही आमच्या होडीचं इंजिन सुरू झालं नाही. लाईफ जॅकेट घालून बसलेल्या पर्यटकांना उतरवावं लागलं. नवरा फळी उचलून तारा तपासत होता आणि मी शेजारी टॉर्च धरून बसले होते.

“काल रात्री टेप बंद केललास मा?” मी सुकाणूजवळच्या रेडिओ-टेपकडे बोट दाखवत विचारलं.

“बंद असलो तरी बॅटरी खाता गो तो. घड्याळ नि स्टेशनां लक्षात ठेवूची लागतत ना त्येका.”

मी त्या मुक्या टेपकडे बघत राहिले. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून मीही अशीच पडते. दिवा मालवलेला असतो, डोळे मिटलेले असतात; पण त्यांची औषधाची वेळ, त्यांचा खोकला, कूस बदलायची राहिली का, सगळं आत चालूच असतं. सकाळी शेजारीण म्हणते, लवकर निजलीस गो काल!

नवऱ्याने टेपच्या तारेवर एक वेगळं बटण बसवलं. ते दाबलं की टेपला वीजच मिळणार नाही.

“पण रोज सकाळी सगळी स्टेशनां परत लावूची लागतली,” तो कुरकुरला.

“मी लावीन,” मी म्हटलं. “त्येका तरी निजू दे.”