‘वी’ म्हणजे कोण?

मंगळवारी इथे आयर्लंडमध्ये, लिमरिकला माझा पीएचडीचा रिव्ह्यू झाला. दुसऱ्यांदा... पहिला मार्चमध्ये झाला होता, त्याबद्दल मी इथे अक्षरही लिहिलं नव्हतं.

माझं काम जखमेवर लावायच्या पट्टीचं. इन्फेक्शन सुरू झालं की तिचा रंग बदलतो. मार्चमध्ये पॅनेलमधल्या एका सरांनी सगळे प्रश्न माझ्या गाईडना विचारले. “यातलं हिने नक्की काय केलंय?” मी समोरच बसले होते! पण मी आपली वहीत बघत राहिले. तीन महिन्यांनी पुन्हा या, असं सांगितलं गेलं.

घरी म्हटलं, सगळं छान चाललंय. आणि गुपचूप पुण्याची तिकिटं बघायला लागले...

न्गोझी आमच्याच मजल्यावर पोस्टडॉक करते, मूळची नायजेरियाची. माझा चेहरा बघून तिने मला डिपार्टमेंटच्या किचनमध्येच गाठलं. “रोज लंचला बस माझ्यासमोर. मला काही कळत नाही असं समजून समजावून सांग.”

तिसऱ्या दिवशी तिने चमचा खाली ठेवला. “वी टेस्टेड, वी फाउंड... ही ‘वी’ कोण?”

मी म्हटलं, अगं, सारखं मी-मी करणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

“माझ्याही आईने हेच शिकवलंय. पण इथे ते ‘वी’ ऐकतात आणि त्यातून तुला वजा करतात.”

मग नियम ठरला. चुकून ‘वी’ म्हटलं की तिला एक चकली. आईने पाठवलेला अख्खा डबा बाईंनी दोन आठवड्यांत फस्त केला! इतकं हसलोय आम्ही त्या दिवसांत...

मंगळवारी तेच सर. पुन्हा गाईडकडेच वळले.

“ते मी सांगते,” मी म्हणाले. “रंग बदलणारा थर मी बनवलाय. सतरा वेळा फसला, अठराव्यांदा जमला.”

सरांनी पहिल्यांदाच खुर्ची माझ्याकडे वळवली. “सतरा वेळा? का फसत होता?”

आणि मी सुटलेच! वीस मिनिटं आम्ही फक्त त्या थराबद्दल बोलत होतो. मध्येच लक्षात आलं, अरे, मला मजा येतेय... हे काम मला किती आवडतं, हे मी विसरूनच गेले होते.

“यू आर ग्रँड,” निकाल सांगताना पॅनेलच्या मॅडम म्हणाल्या. इथल्या बोलीत म्हणजे, सगळं ठीक, पास! बाहेर न्गोझी उभी होती. तिने अशी आरोळी ठोकली की दोन दारं उघडली.

सरांनी मार्चबद्दल सॉरी वगैरे म्हटलं नाही. म्हणतील असंही वाटत नाही. पण आज सकाळी लॅबच्या दाराशी न घुटमळता सरळ आत गेले... कित्येक आठवड्यांनी.

खंबीर हो, असं सांगणारे खूप भेटले. रोज समोर बसून ऐकून घेणारी एकच भेटली. न्गोझी, तुला मराठी येत नाही, म्हणून हे उद्या मीच वाचून दाखवणार आहे.