ओहोटीचं गणित

बोट विकून दोन उन्हाळे झाले, तरी जून लागला की मी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात खिडकीशी उभी राहून वाऱ्याचा अंदाज घेते. शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे कुठल्या दिशेला उडतायत ते बघते. माझ्या नवऱ्याला ते दिसतं. गंमत म्हणजे पहिली काही वर्षं त्या बोटीला मी मनापासून शिव्या घातल्या होत्या.

ह्यांचं लहानपण मालवणजवळचं. माझं पुण्यातलं, म्हणजे पाणी आमच्याकडे नळाला यायचं तेवढंच. लंडनमधली नोकरी संपत आली तशी ह्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली आणि पार स्कॉटलंडमध्ये, ओबनला ठेवली. "अहो, समुद्रच हवा होता तर ब्रायटनला काय धाड भरली होती?" असं मी विचारलं. "तिथे बेटं नाहीत," एवढंच उत्तर मिळालं. झालं! दर उन्हाळ्यात सहा तास गाडी हाणत उत्तरेला जायचं, वाटेत कुठल्यातरी स्वस्त हॉटेलात झोपायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन-चार तास, आणि मग पंधरा दिवस जुलैमध्ये स्वेटर घालून कुडकुडत बसायचं.

पण काय दिवस होते ते! दोन बर्नरच्या शेगडीवर मी वरणभाताचा कुकर लावायचे. एकदा शिट्टी ऐकून शेजारच्या बोटीवरचे आजोबा होडी वल्हवत आले, सगळं ठीक आहे ना विचारायला. त्यांना वरणभात खाऊ घातला, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी ताजे मासे आणून दिले. रात्रीचे दहा वाजले तरी उजेड हटायचा नाही. सील पाण्यातून डोकं वर काढून आमच्याकडे बघत राहायचे, आणि हे त्यांच्याशी मालवणीत गप्पा मारायचे. माझ्याशी वर्षभरात बोलले नसतील इतकं त्या सीलशी बोलायचे. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

खाडीत नांगर टाकायची आमची एक पद्धत होती. आत्ता तिथे किती पाणी आहे ते यंत्रावर आणि ओहोटीला त्यातलं किती जाणार ते भरती-ओहोटीच्या पुस्तकात बघून हे वहीत पेन्सिलीने वजाबाकी मांडायचे. आमच्या बोटीला तरंगायला दीड मीटर पाणी लागायचं. त्याहून जास्त उरत असेल तर हे सुकाणूवर जायचे, मी पुढच्या टोकाला जाऊन साखळी सोडायची.

शेवटून तिसऱ्या उन्हाळ्यात मी पुढे जाता जाता सहज वहीत डोकावले, तर ह्यांनी पुस्तकातला भलत्याच दिवसाचा आकडा घेतलेला. हे हाडाचे इंजिनियर, दुकानदाराची बेरीज उलटी वाचून चूक काढणारे! मी गुपचूप खोडलं, त्यांच्यासारखाच पोट काढलेला पाच लिहिला आणि पुढे गेले. त्या उन्हाळ्यात असं चारदा झालं, पुढच्या उन्हाळ्यात जवळजवळ रोज. मी एका शब्दाने बोलले नाही. एकदा का मी तोंड उघडलं की बोट जाणार, आणि बोट गेली की हा माणूस खुर्चीत बसून संपणार, ही मला भीती होती. तेव्हा मी खोडत राहिले.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात लंडनमधल्या एजवेअरहून एक जोडपं आमच्याबरोबर आलं. नागपूरची मुलं, ह्यांच्या जुन्या ऑफिसातली, आम्हाला काका-काकू म्हणणारी. पहाटेच निघून आम्ही सातच्या सुमाराला मल बेटावरच्या एका वाळूच्या खाडीत शिरलो. हे वही घेऊन बसले आणि ती दोघं त्यांच्या दोन्ही बाजूंना. "बाप्पा! काका, तुम्ही हे सगळं डोक्याने काढता?" मुलगा म्हणाला. ह्यांचा चेहरा काय खुलला!

मी बघितलं. खाली चार मीटर पाणी होतं आणि ओहोटीचे ह्यांनी दोनच मीटर धरले होते. आदल्या रात्री पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण, साडेतीन मीटर तरी पाणी जाणार. मालवणच्या माणसाला उधाण विसरायला झालं! हे माझ्याकडे बघत होते. आणि मी, चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही या वळणात वाढलेली बाई, गप्प बसले. पोरं बाहेर गेली की सांगू, म्हटलं. साखळी सोडली, पोहे केले. तेवढ्यात त्या मुलीला मळमळायला लागलं, तिला आलं चघळायला दिलं, पाठ चोळत बसले. आणि पहाटे चारला उठलेली आम्ही चौघंही चक्क झोपलो.

जाग आली ती पोह्यांच्या ताटल्या घसरत माझ्या अंगावर आल्या तेव्हा. बोट वाळूत टेकून एका कुशीवर कलली होती. मुलगी रडायला लागली. हे उठले, बाहेर बघितलं, वही बघितली. बोटीला धोका नव्हता, वाळू मऊ होती आणि वारा पडलेला होता. दुपारी पाणी परत येईपर्यंत थांबायचं, एवढंच. पण त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला बघवेना.

पाणी पार ओसरल्यावर आम्ही दोघं गमबूट घालून खाली उतरलो, बोटीच्या बुडाला काही लागलंय का बघायला. बोटीला वळसा घालताना मी म्हटलं, "माझं चुकलं. मी आकडा बघितला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

"म्हणजे?"

"दोन वर्षं तू माझे आकडे खोडतेयस. मला माझं अक्षर कळत नाही होय? तू बघून काही केलं नाहीस की मी समजायचो, बरोबर आहे. आजही तसंच समजलो."

मी त्यांची अब्रू राखायला गप्प बसले होते, आणि हा माणूस माझ्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवून चालला होता! "पोरांसमोर कसं बोलू हो?" मी म्हटलं.

"पोरांसमोर, गावासमोर, कुणासमोरही बोल," ते म्हणाले. "माझं डोकं आता मला सांगत नाही गं. तूही सांगितलं नाहीस तर मी कुणाला विचारू?"

अडीचच्या सुमाराला बोट हलली आणि सरळ झाली. मी ह्यांचा हात धरून बसले होते. पोरं बघत होती, बघू देत म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात बोट विकायचं ठरलं. ठरवलं ह्यांनीच. शेवटच्या खेपेला त्याच दोघांना मुद्दाम बोलावलं. संध्याकाळी एका खोल खाडीत शिरलो. ह्यांनी वजाबाकी मांडली आणि सगळ्यांसमोर वही माझ्यापुढे केली. एक मीटरची चूक होती. पाणी इतकं होतं की त्या चुकीने काहीच बिघडणार नव्हतं. शेवटची वेळ होती. 'बरोबर आहे' म्हणावं असं इतकं मनात आलं माझ्या!

"चुकलंय हो," मी म्हटलं. "एक मीटर."

पोरं खाली बघायला लागली. ह्यांनी खोडरबर घेतलं, सावकाश खोडलं, नवा आकडा लिहिला.

"आता?"

"आता बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग सोड साखळी," ते म्हणाले आणि निर्धास्तपणे सुकाणूवर गेले. मी पुढच्या टोकाला गेले, साखळी सोडली, आणि त्यांच्याकडे पाठ होती म्हणून पोटभर रडून घेतलं.