कॅप्टनचं ना-हरकत पत्र

आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये कॅप्टन सगळ्यांत शेवटी जेवायचे. मेंटेनन्सचे मॅनेजर असूनही कॅन्टीनच्या भिंतीपाशी हाताची घडी घालून उभे राहायचे. त्यांचे सगळे फिटर, अगदी कॉन्ट्रॅक्टवरचेसुद्धा, जेवायला बसले की मग स्वतःचं ताट उचलायचे. कितीदा तर भाजी संपलेली असायची. मी एचआरमध्ये. माणसांचे कागद तपासून तपासून माझा स्वभाव असा झालाय की कुणी पेढा दिला तरी मी आधी विचारते, कशाबद्दल? मला वाटलं, हा माणूस युनियन काढतोय.

एकदा तोंडावरच विचारलं. हसले. "मॅडम, फौजेत सवय लागली. आधी माणसं जेवली का ते बघायचं, मग आपण." तरुणपणी ते काही वर्षं फौजेत अधिकारी होते. वडील अंथरुणाला खिळले म्हणून मुदत वाढवून न घेता घरी आले आणि कंपनीत चिकटले. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू.

मग अचानक हाफ डे सुरू झाले. तीन वर्षांत साधा तापही न आलेला माणूस एका महिन्यात चार हाफ डे घेतो! आमच्या पट्ट्यात हाफ डे म्हणजे दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू, हे एचआरच्या बाळालाही कळतं. त्यात आमचे हे एका रविवारी सांगायला लागले, "अगं, तुमचे कॅप्टन दिघीच्या चढावर पळत होते. घामानं निथळत होते पार." चाळिशीचा माणूस उगाच पळतो होय? म्हटलं, काहीतरी शिजतंय.

आणि एक दिवस ते फाइल घेऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. नोकरी सांभाळून वर्षाकाठी काही आठवडे वर्दी घालायची, अशा राखीव फौजेत त्यांना पुन्हा अधिकारी व्हायचं होतं. पळणं आणि ते हाफ डे त्याच्याच तयारीसाठी, म्हणाले. त्यासाठी कंपनीचं ना-हरकत पत्र हवं होतं. "वयाची अट आहे, मॅडम. एवढी एकच संधी उरलीय." मी विचारलं, "घरी चालतंय का हे?" तर म्हणाले, "बायकोच म्हणते, दोन महिने तिकडे जाऊन या, म्हणजे उरलेले दहा महिने तरी माणसात राहाल."

माझा काही विश्वास बसेना. असं पत्र घ्यायचं नि दुसरीकडे दाखवून पगार वाढवून घ्यायचा, असले नमुने मी पोत्यानं पाहिलेत. मी जुन्या सेवेचे कागद मागितले, दुसऱ्या दिवशी हजर. जाहिरात मागितली, हजर. सगळं क्रमवार, लाल टॅगनं बांधलेलं. इतकी नीटनेटकी फाइल बघून तर संशय दुप्पट झाला. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. ते रोज विचारायचे आणि मी रोज सांगायची, "साहेबांच्या टेबलावर आहे." आमच्याकडे साधी रजा अडली तरी माणूस थेट प्लांटच्या मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये घुसतो. हे काही गेले नाहीत. म्हटलं, खरं असतं तर गेले नसते का?

एका सकाळी ते आले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, फाइल परत द्या. काल शेवटची तारीख होती."

त्यांचा चेहरा बघून कळलं, हे सगळं खरं होतं. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून फाइल घेऊन साहेबांकडे धावले. साहेबांनी चष्मा चढवला, वाचलं आणि उभ्या उभ्या सही केली. "अभिमानाची गोष्ट आहे की! आधी का नाही आणलंत?"

सही केलेला तो निरुपयोगी कागद घेऊन मी कॅप्टनसमोर गेले आणि सगळं सांगून टाकलं. ड्रॉवरचंही.

"परवाच कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही स्टेपलर काढलात तेव्हा फाइल दिसली."

"अहो, मग त्याच दिवशी साहेबांकडे का नाही गेलात? एक दिवस हातात होता!"

"दारापर्यंत गेलो होतो. पण मधल्या माणसाला ओलांडून वर जायचं नसतं, मॅडम. आणि तुम्ही नाही असं कुठे म्हणाला होतात? मला वाटलं, शेवटच्या दिवशी तरी द्याल."

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. भांडायला मला चांगलं जमतं. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये भोसरी येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

पुढच्याच वर्षी ते नोकरी बदलून दुसरीकडे गेले. खरंच इंटरव्ह्यूला जायचं होतं तेव्हा मात्र त्यांनी हाफ डे घेतला नाही. पूर्ण रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, "दुसऱ्या कंपनीत मुलाखत." त्या अर्जावर मी लगेच सही केली. माझ्या हातून त्यांना वेळेवर मिळालेला तेवढा एकच कागद.