बाबांनी घेतलेला कतारचा गड

पुण्याच्या घरी बाबांचे ट्रेकिंगचे बूट झटकले, तर अजूनही कतारची वाळू पडते. फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीसाठी तेव्हा अख्खं दोहा खणून ठेवलेलं होतं आणि तिथे माझ्याकडे राहायला आलेले बाबा घरात बसून वैतागले होते. म्हणून एका शुक्रवारी त्यांना सरहद्दीवरच्या जुन्या किल्ल्यात लढाईचा देखावा बघायला नेलं. किल्ला म्हटल्यावर बाबा पहाटेच बूट, काठी, गूळ-शेंगदाणे घेऊन तयार! पोचलो, तर सपाट वाळवंटात चौकोनी किल्ला. “याला चढायचं कुठून?” बाबांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात खेळ सुरू झाला. जुन्या शिपायांच्या वेशातले लोक दारावर उभे राहिले आणि हल्लेखोर झालो आम्ही प्रेक्षक. बंदुकीचा बार झाला की वाळूत मरून पडायचं. बार झाला, आम्ही पडलो, बाबा मात्र काठी उगारून धावतच राहिले. “चाचा, खलास, अब मर जाइए ना!” एक शिपाई हसत ओरडला. “गड घेतल्याशिवाय?” म्हणत बाबा आत शिरले, थेट बुरुजावर चढले आणि गळ्यातला नॅपकिन फडकवू लागले. खाली शिपायांनी हसू दाबत सलाम ठोकला. आजही बाबा आपले गड सांगायला बसले की बाकी सगळे गड ‘चढलो’ म्हणतात. कतारचा तेवढा ‘घेतला’.